पारूबाईंच्या जागी कोण आलं?

पुण्याला मी चिडून गेले आणि चिडूनच परत आले. फरक एवढाच की जाताना मी पेशंटांवर चिडले होते.

पुण्याला जाऊन आलेले लोक शनिवारवाडा, पर्वती, बाकरवडी असं काहीबाही सांगतात. मला त्यातलं काहीच दिसलं नाही. मी गेले होते हरवलेली माणसं शोधायला. ती हरवलेली नव्हतीच, हे कळायला चार दिवस लागले. तुमच्यापैकी कोणी औषधाच्या चाचणीच्या गावाला अजून गेला नसाल तर सगळं सुरुवातीपासून सांगते.

मी नागपूरची. मेडिकल कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, म्हणजे डॉक्टरांनी जमवलेल्या आकड्यांतून खरं किती आणि हौसेचं किती ते निवडून काढते. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात गुडघेदुखीवरच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. निम्म्या पेशंटांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाच्या वाट्याला कोणती आली हे ना पेशंटला ठाऊक, ना डॉक्टरांना. पेशंटने ठरावीक दिवसांनी यायचं आणि दुखणं किती ते शून्य ते दहात सांगायचं. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे जीव नकोसा. यातले बरेच पेशंट अर्ध्यातूनच यायचे बंद झाले होते. अशा चाचण्यांवर नजर ठेवायला हॉस्पिटलची एक नीतीसमिती असते. तिच्या अध्यक्षबाईंनी मला फोन केला. "बाहेरचं कोणीतरी येऊन बघा," म्हणाल्या, "हे लोक जातात तरी कुठे."

औषध फुकट, तपासणी फुकट, जायच्यायायच्या भाड्याचीही सोय, आणि तरी यांना यायला जड होतं! गाडीत बसताना माझं मत हे असं होतं.

स्वारगेट

उतरले होते स्वारगेटजवळच्या एका लॉजवर. सकाळी खालच्या हॉटेलात पोहे मागवले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. दिसायला देखणे होते. आमच्याकडे पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओतल्याशिवाय त्याला नाश्ता म्हणत नाहीत, म्हणून मी सवयीने विचारलं, "तर्री?"

मालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पोहे आहेत. मिसळ खाली लिहिली आहे."

मी मुकाट्याने खाल्ले. चवीला गोडसर होते. साखर घातली होती, आणि त्याबद्दल कोणालाही लाज वाटत नव्हती.

रिक्षावाल्याला हॉस्पिटलचं नाव सांगितलं तर त्याने आधी विचारलं, "ऍडमिट व्हायचंय की बघायला जायचंय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"ऍडमिट व्हायचं असेल तर खड्डे चुकवत नेतो."

मी बघायलाच चालले होते. त्यामुळे एकही खड्डा चुकला नाही.

हॉस्पिटल

तिथे केतकी भेटली. पेशंटांना तारखेची आठवण करायची, आले की बसवायचं, त्यांची उत्तरं टिपायची, हे तिचं काम. मूळची अमरावतीची निघाली, त्यामुळे पाच मिनिटांत आमचं जमलं. औषधकंपनीकडून आलेला नचिकेत नावाचा एक मुलगा लॅपटॉप उघडून बसला होता. आकड्यांचा कारभार त्याच्याकडे.

त्याने पडद्यावर तक्ता दाखवला. एका पेशंटची एक ओळ, दर भेटीचा एक चौकोन. मी वरून खालपर्यंत पाहिलं आणि चक्रावले. सगळे चौकोन भरलेले होते.

"अरे, इतके लोक गेले म्हणता, मग रिकाम्या जागा कुठे आहेत?"

"मॅम, ते हॅण्डल केलंय," नचिकेत म्हणाला. "पेशंट जिथे थांबला तिथला स्कोअर एंडपर्यंत कॅरी फॉरवर्ड केलाय."

म्हणजे माणूस यायचा बंद झाला की त्याने शेवटी जो आकडा सांगितला तोच पुढच्या चौकोनांत ओढत न्यायचा. ही युक्ती नचिकेतची नाही, फार जुनी आहे. आमच्या धंद्यात तिच्यावर टीका करकरून लोक म्हातारे झाले, ती मात्र अजून टुणटुणीत आहे, कारण ती सोपी आहे. मी एका ओळीवर बोट ठेवलं. सत्तरीच्या घरातल्या एक बाई. आठ, पाच, तीन, तीन, तीन, तीन. पहिले तीन आकडे बाईंनी सांगितलेले. पुढचे सगळे नचिकेतने. न येण्याचं कारण म्हणून लिहिलं होतं, 'संपर्क होऊ शकला नाही'.

मी चिडले की माझी भाषा नागपूरला परत जाते. "काहून रे बाबू? थे बाई आलीच नाही, तं तिचं दुखनं तीन हाये हे तुले कोनं सांगतलं?"

केतकीने चहाच्या कपात तोंड लपवलं. नचिकेतला भाषा कळली नाही, पण राग कळला. "मॅम, ॲनालिसिस प्लॅनमध्ये तसंच लिहिलंय. सगळे असंच करतात."

सगळे करतात! आमच्याकडे पंगतीला एखादा आला नाही तर त्याचं ताट झाकून ठेवतात. 'मागच्या लग्नात चार जिलब्या खाल्ल्या होत्या, आताही चार खाल्ल्या' असं यजमानाला जाऊन कोणी सांगत नाही. इथे नेमकं तेच चाललं होतं, आणि त्याच्या जोरावर उद्या एक गोळी देशभरातल्या म्हाताऱ्यांच्या पोटात जाणार होती.

तेवढ्यात चाचणीचे डॉक्टर आले. अत्यंत सज्जन माणूस. हळू बोलणार, प्रत्येक पेशंटला मावशी नाही तर काका म्हणणार, खांद्यावर हात ठेवून विचारपूस करणार. "माझे पेशंट फार गोड आहेत हो," ते म्हणाले. "जे येत नाहीत ते बहुतेक बरे झाले असतील."

"किंवा मेले असतील," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एवढासा झाला. आपल्याच घरचं कोणी गेल्यासारखा. मला वाईट वाटलं, पण फार नाही. त्या चेहऱ्याचा या सगळ्याशी काही संबंध असेल असं तेव्हा डोक्यातही आलं नाही.

मी विचारलं, "केतकी, तू किती वेळा फोन करतेस?"

"तीनदा, मॅडम. नियम तसाच आहे. तीनदा उचलला नाही की बंद करायचं."

"आणि घरी?"

"घरी कोणी जात नाही," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "मी विचारलं होतं एकदा. बजेटमध्ये नाही म्हणाले."

मी तिथूनच अध्यक्षबाईंना फोन लावला. पेशंट हो म्हणत असतील तर केतकीला घेऊन घरी जा, असं त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत केतकीने मेसेज धाडून दोघांचा होकार मिळवला. एक हडपसरचे, आणि दुसरी ती तीन-तीन-तीनवाली बाई, पारूबाई.

हडपसर

हडपसरला म्हणे एकेकाळी नुसती शेतं होती. आता काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्या पायाशी गाड्यांची दाटी. त्या दाटीत एका हातगाडीवर मला चक्क तर्री दिसली! गाडीवाले नवराबायको यवतमाळचे. आयटीतली आमच्याकडची पोरं त्यांच्याकडे रांग लावतात. मी दोन प्लेटी खाल्ल्या. बाई म्हणाल्या, "खा वो ताई, इथं साखर नाही टाकत आमी," आणि आम्ही दोघी मिळून पुण्याच्या पोह्यांना मनसोक्त नावं ठेवली. पोटात तिखट गेल्यावर मला जरा माणसात आल्यासारखं वाटलं.

लेले काका तिथल्याच एका सोसायटीत मुलाकडे राहतात. बँकेतून निवृत्त. आधी पेठेत होते आणि अजून मनाने तिथेच आहेत. लिफ्ट बंद होती. काका आम्हाला न्यायला चार जिने उतरून खाली आले आणि आमच्या पुढे पुढे चढत वर गेले. मी मागे धापा टाकत होते. तक्त्यात काकांचं दुखणं शेवटपर्यंत सहा होतं.

"काका, आपण यायचं बंद का केलंत?" केतकीने विचारलं.

"बरा झालो म्हणून."

"अहो, मग कळवायचंत ना!"

"परवा मी भाचीच्या लग्नाला गेलो होतो. तेही तुम्हाला कळवलं नाही." मग माझ्याकडे वळून, "आपणच सांगा, बरं वाटत असताना दवाखान्यात जाऊन बसतो का कोणी? आणि बसवतात किती! सकाळचा गेलेला माणूस जेवायच्या वेळेला सुटतो, आणि चहाचं नाव नाही."

आम्हाला मात्र काकांनी चहा दिला, अर्धा कप, मोजून मापून, पण उत्तम.

खरं सांगते, मी जिना उतरताना हिरमुसले. मी मनाशी पक्कं धरलं होतं की गेलेले सगळे त्रासामुळेच गेले. आपला अंदाज खोटा ठरला की आनंद मानावा, असं मी दरवर्षी वर्गात मुलांना सांगते. मला काही तो झाला नाही. नचिकेतने काकांना लंगडं करून ठेवलं होतं आणि मी मनातल्या मनात त्यांना अंथरुणाला खिळवलं होतं. दोघांपैकी एकानेही जिना चढून पाहिलं नव्हतं.

धरणाच्या पलीकडे

खडकवासल्याला जाणारी बस दुसऱ्या दिवशी सकाळी पकडली. धरणाच्या काठावर भाजलेल्या कणसांचा वास, सेल्फी काढणारी कॉलेजची पोरं, आणि समोर पसरलेलं निळंशार पाणी. आमच्या नागपूरच्या फुटाळा तलावाचा मला फार अभिमान आहे, पण हे पाणी पाहून मी तो गुंडाळून ठेवला. इथून पुढे टमटम, आणि शेवटचा टप्पा पायी. तिथे माझ्या चपलेचा अंगठा तुटला. केतकीने सेफ्टी पिन लावली, ती दहा पावलांत निघाली. शेवटी एक चप्पल हातात घेऊन मी पारूबाईंच्या दारात उभी राहिले. नीतीसमितीचा हा थाट पाहून सुनेने, सुरेखाने, आधी मला स्वतःच्या चपला आणून दिल्या आणि मग नाव विचारलं.

पारूबाई आतल्या खोलीत कॉटवर होत्या. कॉटला टेकून एक वॉकर ठेवला होता.

"काय झालं, मावशी?" केतकी दारातच थांबली. तिने पारूबाईंना चालताना पाहिलं होतं.

"काय न्हाई गं. पडले न्हाणीत. खुब्याचं हाड मोडलं. त्यात लोखंडाची पट्टी घातलीया." जणू वेणी घातलीया अशा सुरात त्यांनी सांगितलं.

"कधी?"

"तुमच्याकडं शेवटची येऊन गेले, त्याच्याच म्होरल्या आठवड्यात."

केतकी आत येऊन कॉटजवळ बसली. "मी फोन केले होते हो. तीनदा केले."

फोन पारूबाईंच्या मुलाचा. तो हडपसरच्या कंपनीत पाळीवर जातो. अनोळखी नंबर आला की कर्जवाले समजून कापतो. आणि घरच्यांनी तरी का नाही कळवलं? ते सुरेखाने सांगितलं.

"मी म्हनत हुते कळवा म्हनून. आत्यांनीच करू दिलं न्हाई."

"मावशी, का?" मी विचारलं.

पारूबाईंनी पदर सारखा केला. "त्या डाक्टरला बोल लागला आस्ता. त्याची गोळी घेतली की मला जरा गरगरायचं. पर पडले ते माझ्या पायानं. लई भला मानूस हाय वो त्यो. हात धरून इचारतो, मावशी, आता किती दुखतंय? पैल्यांदा म्यां आठ सांगितलं तर त्याचं तोंड बारीक झालं. मग म्हनलं, जाऊ दे. पाच सांगितलं. त्याच्या फुडच्या टायमाला तीन."

"आणि दुखत किती होतं?"

"दुखायचं की. हुतं तेवढंच."

म्हणजे तो ओढलेला आकडा मुळातच खोटा होता! बाईंनी तीन म्हटलं ते एका सज्जन माणसाच्या मायेपोटी. आम्ही ती माया पुढच्या तीन चौकोनांत ओढली, आणि तिला औषधाचा गुण म्हणून छापायला निघालो.

एक गोष्ट इथेच कबूल करायला हवी, नाहीतर मी नचिकेतच्याच पंगतीत बसेन. पारूबाईंना खरी गोळी होती की बिनऔषधाची, हे मला ठाऊक नव्हतं. त्या गोळीने पडल्या की न्हाणीतल्या शेवाळाने, हेही नाही. पण हेच तर शोधायला चाचणी होती! पडलेल्या माणसाच्या जागी धडधाकट माणूस लिहून ठेवला की प्रश्नच उरत नाही. आणि प्रश्न उरला नाही की उद्या अशाच एखाद्या म्हातारीला कोणी सांगणार नाही की बाई गं, ही गोळी घेतल्यावर भिंत धरून चाल.

सुरेखाने जेवल्याशिवाय सोडलं नाही. गरम भाकरी, पिठलं, ठेचा. साखरेचा कुठे मागमूस नव्हता. त्या घरातलं तिखट आमच्या वऱ्हाडालाही भारी पडेल. पारूबाईंना सुनेने उशी लावून बसतं केलं, आणि बसताना त्यांनी ओठ आवळलेले मला दिसले.

निघताना पारूबाईंनी मला हाक मारली. "बाई, एक इचारू? म्यां गेले न्हाई त्या दिवसांचं तिथं काय लिवलंय?"

खोटं सांगणं मला जमत नाही. "तीन लिहिलंय, मावशी. बरं वाटतंय असं."

त्यांना राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. "म्यां तर हितं पडून हुते," त्या म्हणाल्या. "मंग माझ्या जागी कोन जाऊन आलं?"



समिती

दुसऱ्या दिवशी सुरेखाच्याच चपला घालून मी नीतीसमितीपुढे बसले. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश. बारीक अंगाच्या, सुती साडी, आवाज कधी चढत नाही. मी पाहिलं ते सगळं सांगितलं. डॉक्टर खाली मान घालून ऐकत होते. नचिकेत लॅपटॉपमागे होता.

"मॅम, आय फील सो बॅड," तो म्हणाला, आणि मला वाटतं ते खरं होतं. "पण पेशंट संपर्काबाहेर होता. सिस्टीममध्ये सेल ब्लँक ठेवता येत नाही."

"कोणाच्या संपर्काबाहेर?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "त्या तर स्वतःच्या घरी होत्या म्हणे."

"मॅम, तो फक्त एक अझम्पशन असतो. एक व्हॅल्यू तर टाकायलाच लागते."

"मी पुष्कळ वर्षं कोर्टात बसले. साक्षीदार आला नाही तर आम्ही तारीख द्यायचो, समन्स काढायचो. अगदीच नाही सापडला तर 'गैरहजर' लिहायचो. त्याची साक्ष आम्ही स्वतः लिहून टाकत नव्हतो." त्यांनी चष्मा पुसला. "आपली पद्धत जास्त सोयीची दिसते."

मग मी माझं काम केलं. रिकाम्या जागेत एकच आकडा छातीठोकपणे लिहायचा नसतो. तिथे काय काय असू शकलं असतं ते वेगवेगळं घालून पाहायचं. गेलेले बरे झाले असतील तर निकाल काय, बिघडले असतील तर काय. दोन्हींत गोळी चांगली ठरली तरच तिला चांगली म्हणायचं. हे करायच्या रीती आहेत, पुस्तकं आहेत, मी स्वतः शिकवते. पण या सगळ्याच्या आधीची रीत म्हणजे उठून त्या माणसाच्या घरी जाणं, आणि ती कुठल्याच प्लॅनमध्ये लिहिलेली नव्हती. हे सांगताना माझा आवाज इतका चढला की दाराबाहेरचा शिपाई डोकावून गेला.

"आपण जरा पाणी घ्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग त्यांनी निर्णय दिला. पारूबाईंचं पडणं गंभीर घटना म्हणून आजच्या आज वर कळवायचं. जे जे यायचे बंद झाले त्या प्रत्येकाच्या घरी माणूस पाठवायचा. तोवर हिशेबाला हात लावायचा नाही.

"मॅम, टाइमलाइन..." नचिकेतने सुरुवात केली.

"त्या बाईंना वॉकर सोडायला किती दिवस लागतील?" अध्यक्षबाईंनी शांतपणे विचारलं. नचिकेतने लॅपटॉप मिटला.

उठताना मी मुद्दाम डॉक्टरांकडे गेले आणि पारूबाईंनी तीन का म्हटलं ते त्यांना पुन्हा एकदा, नीट, सांगितलं. कठोरपणा झाला असेल. पण एवढा चांगुलपणा त्या बाईला परवडणारा नव्हता.

नागपूर

परत येऊन तर्रीपोहे खाल्ले, सुरेखाच्या चपला केतकीच्या पत्त्यावर पाठवल्या, आणि घरातल्या प्रत्येकाला पुण्याबद्दल ऐकवून झालं. राग उतरला नाही. अजूनही एखाद्या गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरांत 'क्वचित चक्कर येऊ शकते' असं वाचलं की मला तो 'क्वचित' कोणी ठरवला असा प्रश्न पडतो.

मग एका संध्याकाळी केतकीचा फोन आला. घरोघर जाणं चालू होतं. काही जण गाव सोडून गेले होते, काही खरंच बरे होते, आणि पारूबाईंसारख्याच पडलेल्या आणखी एक बाई सापडल्या होत्या. निकाल काय लागेल ते अजून कोणालाच माहीत नव्हतं. "आणि मॅडम, आज पारू मावशींकडे जाऊन आलो. डॉक्टर स्वतः आले होते. चपलाही दिल्या."

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही. कॉटजवळ बसले आणि नेहमीसारखा हात हातात घेतला. म्हणाले, मावशी, किती दुखतंय? मावशींनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, तीन."

मी कपाळावर हात मारला.

"ऐका तर. आतून सुरेखाताई ओरडल्या, आत्या, खरं सांगा! तेव्हा डॉक्टरांनी हात सोडला. सरकून भिंतीकडे तोंड करून बसले. म्हणाले, मावशी, आता माझ्याकडे बघू नका, नुसतं सांगा."

"मग?"

"नऊ म्हणाल्या, मॅडम."